मागून प्रॉब्लेम आहे

…आणि वर म्हणतात, बंद करता येणार नाही. म्हणजे काय? पेपर बंद करता येतो, दूध बंद करता येतं, भिशी बंद करता येते, आमच्या सोसायटीनं तर एकदा ठराव करून लिफ्ट बंद केली होती, आणि हे ब्रॉडबँड, जे मुळात चालूच नाही, ते बंद करता येत नाही? आता चालू नसलेली गोष्ट बंद कशी करायची, असा त्यांचा मुद्दा असेल तर तो मला मान्य आहे, तेवढं डोकं आम्हालाही आहे, पण… थांबा, असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगतो. घाई नाही ना? मला तर नाहीच. रिटायर्ड माणूस.

तर मी बाळाजी. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं, त्यातली शेवटची नऊ कार्यालय अधीक्षक. घर पंचवटीत, कारंज्याच्या चौकामागे, तिसऱ्या मजल्यावर, वर लगेच गच्ची. घरात मी आणि आमची इंदिरा, दोघंच. मुलगी इरा लग्न होऊन इंग्लंडात, लीड्स म्हणून गाव आहे तिथं, आणि तिचा मुलगा शौनक, आमचा नातू, त्या वेळी दहा महिन्यांचा. दोन हजार सहा सालची गोष्ट सांगतोय. इरा फोनवर म्हणायची, आई, तो आता धरून उभा राहतो, आई, तो आता दोन बोटं सोडतो. आणि इकडे इंदिरा रिसीव्हर कानाला लावून भिंतीकडे बघत हसायची. भिंतीकडे. मला ते बघवायचं नाही हो.

मग कुणीतरी सांगितलं, कॉम्प्युटर घ्या, कॅमेरा लावा, ब्रॉडबँड घ्या, नातू समोर दिसेल. कॉम्प्युटर आला, कॅमेरा आला. राहिलं ब्रॉडबँड. आता मी अधीक्षक माणूस, छत्तीस वर्षांत एक कागद न वाचता सही केली नाही. साहेब लोक गाडीत बसून हॉर्न वाजवायचे, तरी मी खालपर्यंत वाचायचो. आणि आमच्याकडे हा करार कसा झाला? हळदीकुंकवात. मी पाच मिनिटं कापूर आणायला खाली गेलो, तेवढ्यात 'गोदावेग ब्रॉडबँड'ची एक मुलगी वाणात प्लास्टिकचा डबा वाटता वाटता म्हणाली, काकू, महिलांच्या नावानं घेतलं तर मॉडेम फुकट. झालं. इंदिरानं सही केली. वर आलो तर करारावर सही आणि सहीशेजारी कुंकवाचं बोट. चार पानांचा करार, अक्षरं मुंगीएवढी, आणि त्यात कलम एकोणीस, ग्राहकास वर्षभर सेवा खंडित करता येणार नाही. कंपनीला खंडित करता येईल की नाही, याबद्दल कलम नाही. ते कंपनी कलमाशिवायच करते.

आलं एकदाचं कनेक्शन. महेश नावाचा त्यांचा लाइनमन आला, मखमलाबादचा, घरची झेंडूची शेती, सकाळी फुलं मार्केटला टाकायची आणि मग दिवसभर गच्च्यांवरून वायर ओढायची. पंचविशीतला असेल. शिडी खांद्यावर, तोंडात सतत 'काका'. वायर गच्चीवरून खिडकीत, खिडकीतून टेबलावर, हिरवा दिवा लागला. इंदिरानं त्याला शिरा दिला. मी म्हटलं, अजून नातू दिसला नाही, शिरा कशाला? तर म्हणे, दिवा तर लागलाय.

पहिला रविवार. आम्ही दुपारी तीनलाच बसलो, इंदिरा नवी साडी नेसून, मी दाढी करून. इरा दिसली. आणि तिच्या मांडीवर तो. तुम्हाला सांगतो, मी असा हात पुढे केला, काचेलाच लागला. इंदिरा म्हणाली, "अगं, याचं कपाळ तर यांच्यावर गेलंय," आणि तेवढ्यात चित्र थांबलं. शौनकचं तोंड उघडं, एक हात वर, डोळे अर्धे मिटलेले. थांबलं म्हणजे थांबलंच. आवाजही गेला. मी वायर हलवली, दिवे बघितले, आणि इंदिरा? इंदिरा बोलतच होती. त्या थांबलेल्या चित्राशी. अडगुलं मडगुलं सगळं म्हणून झालं तिचं. मी म्हटलं, "अगं, ते थांबलंय." तर म्हणते, "माहितीये मला. पण बघतोय ना तो."

मी परत एकदा वायर हलवली.

दुसऱ्या दिवशी महेशला बोलावलं. आला, मॉडेम उचलून कानाजवळ नेलं, काय ऐकलं कुणास ठाऊक, मग गच्चीवर गेला, खाली आला, चहा घेतला आणि म्हणाला, "काका, तुमच्याकडून काहीच नाय. मागून प्रॉब्लेम हाय."

मागून म्हणजे कुठून? मी खिडकीतून मागे बघितलं. मागे गोठा होता.

"तसं मागून नाय ओ. करंज्याच्या डब्यातून." त्याचा कारंजा म्हणजे करंजा. बरं, म्हटलं, मग कारंज्यावरचा तो वायरींचा डबा दुरुस्त करा. चार दिवसांनी परत बंद. परत महेश. "काका, करंज्याचं झालं. आता त्याच्या मागून प्रॉब्लेम हाय. द्वारकेवरून." पुढच्या आठवड्यात द्वारकेच्या चौकातलं ठीक झालं, तर त्याच्या मागून मुंबई. मुंबई ठीक झाली, तर म्हणे समुद्रातून एक केबल जाते, तिथं काहीतरी झालंय. अहो, आमचा नातू दिसत नाही आणि हा मला समुद्रात घेऊन गेला. मी म्हटलं, "महेश, समुद्राच्या मागे काय आहे?" त्यानं खरंच विचार केला. म्हणाला, "मागं मग तुमच्या मुलीचंच घर असंल."

पोरगा भला होता, तेही सांगतो. पण भलेपणाला हिरवा दिवा लागत नाही.

मग मी ठरवलं, आता कंपनीशी बोलायचं, कस्टमर केअर. फोन लावला. अर्धा तास सनई. सनई संपली आणि एक मुलगी बोलायला लागली, शुद्ध, गोड, रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखी. "गोदावेगमध्ये आपलं स्वागत आहे, मी भाग्यश्री बोलतेय, कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?" मी म्हटलं, इंदिरा. "मग सर, मी फक्त इंदिरा मॅडमशीच बोलू शकते." मी म्हटलं, मी नवरा आहे. "हो सर, पण करारात नवरा नाहीये." छत्तीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो होतो, की अर्जदारानं समक्ष यावं. तेव्हा ते लोक माझ्याकडे कसे बघायचे ते मला त्या दिवशी कळलं.

इंदिरा मंडईत गेली होती. तिची वाट बघायची? मी फोन ठेवला, पाच मिनिटांनी परत लावला, सनई ऐकली, जरा घसा खाकरला आणि आवाज वर नेऊन म्हटलं, "हॅलो, मी इंदिरा बोलतेय." मग ती मुलगी अगदी हळू म्हणाली, "काका, काकू आल्या की द्या ना."

सर म्हणत होती तोवर ठीक होतं. काका म्हटल्यावर माणूस भांडणार कसा?

संध्याकाळी इंदिराला फोनवर बसवलं. समोर कागद ठेवला, मुद्दे एक ते आठ, क्रमांकासह, तारखांसह. म्हटलं, मुद्दा क्रमांक एकपासून सुरू कर, आवाज कडक ठेव. तिनं एक वाचला, दोन वाचला, आणि तिसऱ्याला मध्येच थांबली. कान टवकारले. आता आमची इंदिरा सटाण्याची. माहेरी घरात आपल्यासारखंच बोलायचे, पण शेजारीपाजारी सगळी अहिराणी, त्यामुळे ती अजून झोपेत अहिराणी बोलते. ही एकदम फोनमध्ये म्हणाली, "कोनता गावनी शे वं तू?"

पलीकडे ती रेल्वेची अनाउन्समेंट बंद पडली. आणि मग एक वेगळाच आवाज आला, खरा, हसणारा. "मालेगावनी शे, काकू."

गेले माझे मुद्दे. तीन ते आठ कुणी विचारलेच नाहीत. जेवनी का, कुठं राहतेस, वडील काय करतात, मागावर बसतात का, वीज किती तास असते, भाऊ कितवीत, होस्टेलची भाजी कशी असते… मी घड्याळ लावून बसलो होतो. एक्केचाळीस मिनिटं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "तक्रारीचं काय म्हणाली?" इंदिरा म्हणाली, "म्हणाली, नोंदवलीय. मागून प्रॉब्लेम आहे."

मग हे रोजचंच झालं. मी म्हणायचो, फोन लाव. ती आनंदानं लावायची. सनईसुद्धा ती ऐकायची, मान हलवत. तिकडे दुसरी कुणी मुलगी उचलायची, तर ही म्हणायची, भाग्यश्रीला दे. लोणचं मुरत घातलंय ते सांगून झालं, शौनकला दात आले ते सांगून झालं, तिला सर्दी झाली तर काढा सांगून झाला. आणि दर रविवारी आमच्या टेबलावर नातू असा, तोंड उघडं, हात वर, थांबलेला. कधी हात खाली असायचा, तेवढाच फरक. इरा म्हणाली, बाबा, तो आता भिंत सोडून उभा राहतोय, कधीही पाऊल टाकेल. कधीही म्हणजे कधी? मूल पहिलं पाऊल एकदाच टाकतं ना हो? ते काय चोवीस तासांत दुरुस्त करून परत दाखवतात?

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आता माझं हत्यार. पत्र.

पाटबंधारे खात्यात माझ्या पत्रांना लोक घाबरायचे. मी बसलो, पाच पानं, विषय, संदर्भ एक ते सतरा, सोबत सहपत्रं. भाषा अशी, की वाचणाऱ्यानं खुर्चीत सरळ बसावं. आणि चौथ्या पानावर, लिहिण्याच्या ओघात, एक परिच्छेद लिहून गेलो. 'सदर कर्मचारी कुमारी भाग्यश्री या गेले दोन महिने केवळ गोड बोलून ग्राहकाची दिशाभूल करीत असून तांत्रिक बाबींचे त्यांना शून्य ज्ञान आहे.' वाक्य मला आवडलं, हे कबूल करतो. दोनदा मोठ्यानं वाचलं. इंदिरा देवळात गेली होती. मुंबईच्या हेड ऑफिसला रजिस्टर पोस्टानं पाठवलं, पोचपावतीसह, आणि येताना स्वतःसाठी जिलबी घेऊन आलो.

नऊ दिवसांनी फोन वाजला. दुपारी. मी उचलला. "काका, मी भाग्यश्री. बूथवरून बोलतेय, ऑफिसातून नाही." मला वाटलं, काकूंना द्या म्हणेल. म्हणाली, "काकूंना नको. तुमच्याशीच बोलायचंय. तुमचं पत्र आलं."

मी खुर्ची ओढून बसलो.

"फार छान आहे पत्र, काका. सरांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. फक्त सतरा संदर्भ लिहिलेत, पण बारावा दोनदा आलाय."

ती हे चिडून म्हणत नव्हती, तेच तर. चिडली असती तर मी दोन शब्द ऐकून मोकळा झालो असतो. मग म्हणाली, प्रत्येक फोन साडेतीन मिनिटांत संपवायचा असा नियम आहे, काकूंचे फोन सगळे रेकॉर्ड आहेत, त्यात हे पत्र आलं, आता शनिवारपर्यंत लेखी खुलासा द्यायचाय, नाही पटला तर घरी. "घरी म्हणजे मालेगावला, काका. तुम्ही काकूंना एवढंच सांगा, की आता फोन करू नका. मला उचलावासा वाटतो आणि मग ठेववत नाही."

इंदिरा मागेच उभी होती. तिनं सगळं विचारून घेतलं. पत्राची कार्बन कॉपी मी ठेवतो, सवय आहे, ती तिनं फाइलमधून काढली, चौथं पान वाचलं आणि मला परत दिलं. जेवायला वाढलं, सगळं वाढलं, पण मी मीठ मागितलं तर बरणी माझ्यासमोर ठेवून आत गेली. तीस वर्षांच्या संसारात तिनं मला मीठ नेहमी ताटात वाढलंय. आता हे तुम्हाला बारीक वाटेल. मी बरणीला हात लावला नाही, अळणीच जेवलो.

मी म्हटलं, "मी मुंबईला जातो. हेड ऑफिसला. पत्र मागे घेतो."

तेव्हा ती बोलली. "मुंबईला कशाला? ती शरणपूर रोडला बसते. ड्रायव्हिंग स्कूलच्या मागे, तळघरात."

काय? दोन महिने मी समजत होतो, फोन मुंबईला लागतो, म्हणून जरा मोठ्यानंही बोलत होतो, आणि ही पोरगी माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर? इंदिराला माहीत होतं. एक्केचाळीस मिनिटांत माणसाला सगळं कळतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं गेलो. पायऱ्या उतरून खाली, ट्यूबलाइट, आठ मुली कानाला ते लावून बसलेल्या, प्रत्येकीच्या समोर घड्याळ. कोण भाग्यश्री ते मला कळेना. इंदिरा सरळ कोपऱ्यातल्या एका सडपातळ मुलीकडे गेली, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि ती मुलगी कुणाला तरी 'आपली तक्रार नोंदवली आहे' म्हणता म्हणता रडायला लागली. फोनवरच्या ग्राहकाला वाटलं असेल, तक्रार फारच मनावर घेतली.

त्यांचा साहेब म्हणजे राज नावाचा तरुण, टाय बांधलेला, तळघरात टाय. त्यानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं, माझं पत्र टेबलावरच होतं, त्यावर पिवळ्या पेनानं खुणा. म्हणाला, "सर, तुमच्याच तक्रारीवर आम्ही ॲक्शन घेतोय." इतकी तत्पर ॲक्शन त्या कंपनीनं आधी कधी घेतली नव्हती. दोन महिन्यांत एक डबा बदलला नाही, आणि मुलगी नऊ दिवसांत बदलायला निघाले.

मी म्हटलं, "राजसाहेब, मी चुकलो." हे वाक्य मी सरकारी नोकरीत एकदाही उच्चारलेलं नाही. "त्या पत्रातलं चौथं पान खोटं आहे. ही दिशाभूल करत नव्हती. तुमच्या कंपनीकडे आम्हाला द्यायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून ती जे जवळ होतं ते देत होती. साडेतीन मिनिटांच्या वरची साडेसदतीस मिनिटं माझ्या बायकोनं घेतलीत. खुलासा द्यायचा तर आम्ही देतो."

तो म्हणाला, "सर, तोंडी चालत नाही. लेखी पाहिजे."

हे ऐकून मला त्याच्याविषयी पहिल्यांदा आदर वाटला.

तिथंच बसलो. कागद मागितला, समास आखला, विषय लिहिला, 'कुमारी भाग्यश्री यांच्या सेवेबाबत समाधान व्यक्त करणेबाबत.' आणि मग तुम्हाला सांगतो, पेन थांबेना. ते दिशाभूलचं लिहिताना जसं सुचत होतं, तसंच हेही सुचत गेलं. संयम, आपुलकी, ग्राहकाला घरचं माणूस मानण्याची वृत्ती. एक वाक्य तर असं आलं, 'गोदावेगने आम्हाला नुसते कनेक्शन दिले नाही, तर नाते दिले.' इंदिरा खांद्यावरून वाचत होती. "हे चांगलं झालंय," म्हणाली. दोन दिवसांत तिचे हे पहिले गोड शब्द, त्यामुळे मी ते वाक्य खोडलं नाही. खोडायला हवं होतं.

राजनं वाचलं. परत वाचलं. त्याचा चेहरा उजळत गेला. म्हणाला, "सर, भाग्यश्रीचा विषय संपला, तिला मी ज्येष्ठ नागरिकांच्या लाइनवर बसवतो, तिथं वेळेची अट नाही. तुमचा दोघांचा एक फोटो काढू?" आता एवढं काम झाल्यावर फोटोला नाही कोण म्हणेल? काढ म्हटलं.

भाग्यश्री त्या रविवारी जेवायला आली. महेशलाही बोलावलं होतं, म्हटलं निदान जेवताना तरी समोर असेल. तीन वाजता इराचा कॉल. चित्र आलं, थांबलं. नेहमीप्रमाणे. इरा फोनवरून ओरडतेय, बाबा, तो उभा आहे, सोफा सोडलाय, तुम्हाला दिसतंय का? आम्हाला दिसत होतं ते तोंड उघडं आणि हात वर.

महेश ताटावरून उठला. हात न धुता गच्चीवर. वरून त्याचा आवाज आला, "काका, आता बघा." चित्र हललं. परत थांबलं. "आता?" हललं. मी जिन्यात जाऊन वर बघितलं, तर हा टाकीवर चढलेला, वायरचा जोड निघालेला, नवा जोड म्हणे स्टॉकमध्ये नव्हता, आणि तो दोन्ही टोकं चिमटीत दाबून, भर उन्हात, हात डोक्याच्या वर. म्हणाला, "काका, मी धरून उभा राहतो. तुम्ही खाली जा, बघून घ्या. कढी काढून ठेवा फक्त."

सात मिनिटं, तुम्हाला सांगतो. सात मिनिटं त्या पोरानं धरून ठेवलं. आणि त्या सात मिनिटांत आमचा शौनक सोफ्यापासून निघाला, एक पाऊल, थांबला, आम्हाला वाटलं परत नेट गेलं, पण नाही, तो स्वतःच थांबला होता, विचार करत होता, आणि मग दुसरं, तिसरं, आणि इराच्या अंगावर पडला. इंदिरानं भाग्यश्रीचा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या दोन बांगड्या फुटल्या. मी काय केलं? मी काही नाही केलं. मी चष्मा पुसत होतो, त्यात चौथं पाऊल टाकलं असेल तर माझं हुकलं.

महेश खाली आला, बोटं लाल झालेली. इंदिरानं कढी गरम करून दिली. मी विचारलं, "म्हणजे प्रॉब्लेम आपल्याच गच्चीवर होता?" म्हणाला, "हा एक होता काका. मागून पण हाय."

आता तुम्हाला वाटेल, झालं, नातू चालला, पोरीची नोकरी राहिली, संपलं. मला पण तसंच वाटलं. पंधरा दिवसांनी मी भाजी घ्यायला निघालो आणि कारंज्यावर वर बघितलं, तर मी. दहा फुटी मी. शेजारी दहा फुटी इंदिरा. खाली मोठ्या अक्षरांत, 'कनेक्शन नव्हे, नाते. एक समाधानी ग्राहक.' रिक्षावाले बघतायत, पुजारी बघतायत. भाजीवाल्या नवसाबाई मेथीची जुडी बांधता बांधता म्हणाल्या, "दादा, फोटोत लय खुशीत दिसता." मी घरी आलो आणि इंदिराला सांगितलं. तिनं विचारलं, "साडी कुठली दिसते?"

तेव्हापासून माझं काय झालंय विचारू नका. आमच्या बिल्डिंगमधल्या धोंडीरामांनी माझा फोटो बघून कनेक्शन घेतलं, खालच्या खंडेरावांनी घेतलं, समोरच्या गल्लीत अकरा जणांनी घेतलं, आणि कुणाचंच चालत नाही. सगळे माझ्याकडे येतात. बेल वाजते, दारात माणूस, हातात मॉडेम. तुम्ही तर समाधानी आहात ना, मग आमचं का चालत नाही? मी काय सांगू? खरं सांगावं तर पोस्टर खोटं ठरतं, पोस्टर खोटं ठरलं तर ते पत्र खोटं ठरतं, आणि पत्र खोटं ठरलं तर ती पोरगी परत तळघरातून मालेगावला. तेव्हा मी त्यांना आत बोलावतो, चहा देतो, आणि खिडकीकडे बोट दाखवून सांगतो, तुमच्याकडून काही नाही, मागून प्रॉब्लेम आहे. इंदिरा आतून हसते, ते ऐकू येतं मला.

शेवटी वर्ष भरलं. कराराची तारीख मी कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवली होती. अर्ज तयार, 'सेवा बंद करणेबाबत', एकच पान, एकही विशेषण नाही. शरणपूर रोडला गेलो. पायऱ्या उतरतो तर खाली टाळ्या. आठही मुली उभ्या, महेश शिडीशिवाय आणि नव्या शर्टात, भाग्यश्रीच्या हातात ओवाळणीचं ताट. राज टाय सरळ करत पुढे आला. म्हणाला, "सर, आम्ही तुम्हालाच बोलवायला येणार होतो." वर्षातील सर्वोत्तम ग्राहक. मला शाल पांघरली, श्रीफळ दिलं, भाग्यश्रीनं ओवाळलं आणि वाकून नमस्कार केला. खिशातल्या अर्जावर हात होता माझा. पण सांगा, शाल अंगावर असताना माणूस अर्ज कसा काढेल?

आणि मग राजनं पाकीट दिलं. त्यात बक्षीस. गोदावेगची आणखी दोन वर्षांची सेवा, इंदिराच्या नावानं, कलम एकोणीससकट.

घरी आलो. शाल इंदिरानं कपाटात ठेवली. नारळ मी फोडला. एक मात्र सांगतो, कंपनीबद्दल आता उगाच वाईट बोलणार नाही. नारळ चांगला निघाला.